घरचा संगणक रखडतोय: सॉफ्टवेअर बदलू, विंडोज बदलू की यंत्रच बदलू?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलं म्हणून लिहितेय.

घरी २०१६ मधे घेतलेला डेस्कटॉप आहे. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. वापर मुख्यतः बाबांचा. हिशेबाच्या एक्सेल फाइली, पत्रव्यवहार, फोटोंचा प्रचंड साठा आणि पत्त्यांचे खेळ. गेले दोन-तीन महिने बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत आठ-नऊ मिनिटं जातात. फाइलवर टिचकी मारली की निळं चक्र फिरत बसतं. मधेच सगळं दोन मिनिटं गोठतं आणि काहीच झालं नाही असं परत चालू होतं.

दुसरी तक्रार विचित्र आहे. कधीकधी सकाळी एकही साइट उघडत नाही. 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा येतो आणि तासाभराने आपोआप मिटतो. क्रोम, फायरफॉक्स, एज, तिन्हीकडे तेच.

भाचा येऊन दोन अँटीव्हायरस, एक रजिस्ट्री क्लीनर आणि एक 'पीसी बूस्टर' टाकून गेला. आता आठच्या जागी अकरा मिनिटं लागतात.

तर कुठलं सॉफ्टवेअर टाकू म्हणजे हे सुटेल? विंडोज १० चा आधार संपलाय म्हणे, मग ११ की लिनक्स ही मोफत प्रणाली? आणि बाबांना लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर जमेल का?

रिकामटेकडा
फॉरमॅट मारा. पुढचा प्रश्न?

खुडबुड्या
रिकामटेकडाराव, जरा दमानं घ्या, आत त्यांच्या बाबांचे फोटो आहेत.

सांजवेळ, काहीही नवं टाकू नका. आधी काय होतंय ते बघू. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्स टॅबवर सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे संगणक रखडलेला असतानाच बघून इथे लिहा. डिस्कवर टिचकी मारली की खाली 'सरासरी प्रतिसाद वेळ' मिलिसेकंदात दिसते, ती विसरू नका. सगळी मेख तिथेच असते.

आणि बूस्टर, क्लीनर आजच्या आज काढा. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या, चार निरुपयोगी नोंदी पुसून संगणक वेगवान होतो हा समज विंडोज ९८ च्या काळातला. रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला पाठिंबा नाही असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगते.

नाममात्र
दोन अँटीव्हायरस म्हणजे एका दारावर दोन राखणदार, आणि दोघं एकमेकांचीच झडती घेतायत. दोन्ही काढा. विंडोज १० मधे डिफेंडर आहेच, बाहेरचा अँटीव्हायरस काढला की तो स्वतःहून जागा होतो. घरगुती वापराला पुरे.

काढतानाही नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही बरेचदा. ज्याने बनवला त्याच्याच साइटवर साफ काढून टाकण्याचं वेगळं टूल असतं, ते वापरा.

कळफलक
मिंट नावाचं लिनक्स टाका आणि सुखी व्हा. २०१६ च्या यंत्रावर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पळते. मी गेली सात वर्षं व्हायरस हा शब्द फक्त बातम्यांत ऐकतो.

बाराखडी
आला! कळफलक आला! मी म्हणतच होते, अजून लिनक्स कसं नाही आलं.

कळफलक
बाराखडीताई, खरं बोललं की टोमणे पडायचेच. :)

टिंबटिंब
मला वेगळी शंका आहे. तुम्ही रोज संगणक 'शट डाउन' करता ना? विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची भानगड आहे. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा गोठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच वितळवून पुढ्यात येतो. म्हणजे गाभ्यात किंवा एखाद्या ड्रायव्हरमधे काही बिघडलं असेल तर तेही दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं हजर. 'रीस्टार्ट' केलं तरच खरी नवी सुरुवात होते.

माझ्या यंत्रावर रोज रात्री बंद करूनही अपटाइम, म्हणजे शेवटच्या खऱ्या सुरुवातीपासूनचा काळ, २३ दिवस दिसत होता. मी बायकोला म्हटलं, हा झोपतच नाही. ती म्हणाली, तुझाच आहे.

बाराखडी
टिंबटिंब, हे मला आज कळतंय! इतकी वर्षं मी 'रीस्टार्ट नको, बंद करून चालू करते, जास्त चांगलं' असं लोकांना सांगत आले.

टिंबटिंब
सगळेच सांगतात. पूर्वी ते खरंही होतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तर मात्र पूर्ण बंद होतो.

सांजवेळ
बापरे, एवढे प्रतिसाद! बूस्टर, क्लीनर, दोन्ही अँटीव्हायरस काढले, रीस्टार्टही केलं. अकराचे परत आठ मिनिटं झाले, त्यापुढे गाडी सरकत नाही.

टास्क मॅनेजरचे आकडे: सीपीयू ६ टक्के, मेमरी ४८ टक्के, डिस्क १०० टक्के. वाचण्याचा वेग सेकंदाला १ एमबीच्या आसपास. सरासरी प्रतिसाद वेळ ३२०० मिलिसेकंद. हे वाईट आहे का?

खुडबुड्या
वाईट आहे. चांगल्या फिरत्या डिस्कला एका कामाला १०-२० मिलिसेकंद लागतात, गर्दी असेल तर शंभराच्या घरात. एसएसडीला, म्हणजे न फिरणाऱ्या चिपवाल्या डिस्कला, एखादं मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. तुमची तीन सेकंद घेतेय. शंभर टक्के गुंतलेली आणि काम मात्र सेकंदाला १ एमबी, याचा अर्थ ती एकच जागा पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय आणि तिला वाचता येत नाहीये. ते दोन मिनिटांचं गोठणं म्हणजे हेच.

म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. कुठलंही सॉफ्टवेअर याला उपयोगाचं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट टूल घ्या आणि ते डिस्कबद्दल काय म्हणतं ते सांगा.

जुनाजाणता
एवढं कशाला. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, चेकडिस्क आर स्विचसकट चालवा, रात्रभर चालू द्या. डिस्कच्या खराब जागा (सेक्टर) बाजूला काढेल. त्यानंतर एसएफसी स्कॅननाऊ. वीस वर्षं हेच करतोय.

खुडबुड्या
जुनाजाणता काका, आदर राखून असहमत. चेकडिस्क आर म्हणजे डिस्कचा इंच न् इंच तपासणं. धडधाकट डिस्कवर खुशाल करा. पण जी आधीच अखेरच्या घटका मोजतेय तिला रात्रभर पळवलं तर सकाळी ती नसण्याची शक्यता जास्त. शिवाय चेकडिस्कची निष्ठा फाइल सिस्टिमवर, तुमच्या फाइलींवर नाही. सगळं सुसंगत दिसावं म्हणून न जुळणारे तुकडे ती तोडून वेगळ्या फोल्डरात टाकते. आधी फोटो बाहेर, मग काय ते प्रयोग.

जुनाजाणता
हे मात्र मान्य. माझ्या डिस्का कदाचित तेवढ्या आजारी नसतील. पण एसएफसी तरी करू द्या त्यांना.

नाममात्र
एसएफसी विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासते. इथे डिस्कच वाचत नाहीये, तर दुरुस्त फाइल ती लिहिणार कुठे? त्याच डिस्कवर.

पाणकावळा
एक मिनिट. डिस्कला फाशी देण्याआधी केबल बघा. माझ्याकडे अगदी हीच लक्षणं होती, मी नवी डिस्क आणली, तिच्यावरही तेच. शेवटी डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल निघाली.

क्रिस्टलडिस्कइन्फोमधे सी-सात क्रमांकाची ओळ असते, सीआरसी एररची, म्हणजे केबलमधून येताजाताना झालेल्या चुकांची. तिथला आकडा वाढत असेल तर केबलवर संशय घ्या. पाच, सी-पाच आणि सी-सहा या ओळी वाढलेल्या असतील तर दोष डिस्कच्या पृष्ठभागावर. आणि हो, तिथले कच्चे आकडे मुळात दहाच्या नव्हे, सोळाच्या पद्धतीत (हेक्साडेसिमल) लिहिलेले असतात. ३० दिसलं तर ते ४८ समजायचं. मी पहिल्यांदा उगाच निर्धास्त झालो होतो.

सांजवेळ
पिवळा चौकोन आणि 'सावधान'. सी-सातच्या ओळीत शून्य. पाचच्या ओळीत ३०, म्हणजे तुमच्या हिशेबाने ४८. सी-पाचमधे B८. हे अक्षर कुठून आलं?

पाणकावळा
सोळाच्या पद्धतीत ९ नंतर आकडे संपतात, म्हणून दहापासून पंधरापर्यंत अक्षरं. ते अक्षर म्हणजे ११. अकरा सोळे १७६ अधिक ८, म्हणजे १८४. एकशे चौऱ्याऐंशी जागा डिस्कला वाचता येत नाहीयेत आणि ४८ जागा तिने आधीच बाद करून राखीव जागा वापरल्यात. केबल सुटली निर्दोष. फोटो काढा लवकर.

खुडबुड्या
+१. तोवर संगणक विनाकारण चालू ठेवू नका. बाबांचे पत्ते बंद.

सांजवेळ
बाबांना सांगितलं. म्हणाले, डिस्क खराब आहे तर पत्त्यांचा काय दोष.

धूळपाटी
दरम्यान ११ की लिनक्स हा मूळ प्रश्न राहिलाच.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. पण घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. २२एच२ आवृत्ती हवी. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केल्या तर त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. सहावी पिढी यादीत नाही. अट चुकवून बसवता येतं, विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या रुफससारख्या टूलमधे तशी सोयच आहे, पण पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्याला दर मोठ्या अपडेटला स्वतः खटपट करायची हौस आहे त्याने करावं. बाबांच्या संगणकावर मी करणार नाही.

रिकामटेकडा
मी केलंय. दोन वर्षं व्यवस्थित चालू आहे. लोक उगाच घाबरवतात.

धूळपाटी
तुमच्या यंत्रावर तुम्ही बसलेले असता. त्यांच्या यंत्रावर बाबा आणि अधूनमधून भाचा.

रिकामटेकडा
भाचा हा मुद्दा पटला.

कळफलक
आता तरी माझं ऐका. मिंट 'लाइव्ह' चालतं, म्हणजे पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता. आत्ताच्या परिस्थितीत हे दोन कारणांनी कामाचं. एक, मरणाऱ्या डिस्कवरून विंडोज चालवायची गरजच नाही, पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर ओढा. दोन, वायफाय, आवाज, पडद्याचं रिझोल्यूशन सगळं चालतं का ते फुकटात कळतं.

एक सूचना. टिंबटिंब यांनी सांगितलेलं फास्ट स्टार्टअप इथे आडवं येतं. विंडोज अर्धवट गोठलेलं असेल तर लिनक्स डिस्कचा तो भाग (पार्टिशन) फक्त वाचायला देतं किंवा उघडायलाच नकार देतं. विंडोज पूर्ण बंद करून मगच पेनड्राइव्ह लावा.

नाममात्र
मी लिनक्सवाला नाही, तरी हा सल्ला खरंच चांगला आहे. विंडोज नुसतं चालू असलं तरी मागे दहा ठिकाणी डिस्क खरवडत असतं. फक्त ड्राइव्ह एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. यांच्या जुन्या विंडोज १० वर बहुधा नसेल, पण नवे लॅपटॉप वापरणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. तिथे मालकाला न कळताच ते चालू झालेलं असतं.

बाराखडी
लिब्रेऑफिसबद्दल मी सांगते, घरी चार वर्षं तेच आहे. पत्रं, साधे हिशेब, बेरजा, फिल्टर, सगळं होतं. २०१० मधे ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं हे भावंड, आज मूळ भावापेक्षा कितीतरी सुदृढ. जुनं ओपनऑफिस कुणी सुचवलं तर नको म्हणा, त्यात आता फारशी हालचाल नाही.

अडतं कुठे? एक, एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या. काही चालतात, काही रुसतात. दोन, ज्या फाइली समोरच्याला वर्डमधे परत पाठवायच्या असतात त्यांची मांडणी हलते. त्यातली निम्मी कटकट फॉन्टची असते. कॅलिब्रीऐवजी कार्लितो आणि कॅम्ब्रियाऐवजी कॅलेडिया बसवा, अक्षरांची रुंदी तीच असल्याने ओळी जागच्या हलत नाहीत.

तीन, बाबांची जुनी मराठी पत्रं. युनिकोड या आजच्या प्रमाणित पद्धतीच्या आधीच्या फॉन्टमधे टंकलेली असतील तर फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती भलत्याच लिपीतली बाराखडी दिसते. (माझं नाव उगाच नाही.) फाइल बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. जुने फॉन्ट आताच कॉपी करून ठेवा आणि सवडीने परिवर्तक वापरून युनिकोडमधे आणा.

जुनाजाणता
हे फॉन्टचं लाख मोलाचं. माझ्या शेकडो फाइली तशा पडल्यात. टंकायचं म्हणाल तर विंडोज १० मधे २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कळफलक आयताच आहे, वेगळं काही टाकायला नको.

कळफलक
कुणी हाक मारली का?

जुनाजाणता
तुम्ही नव्हे हो.

मिणमिणती
मी पूर्ण धागा वाचला आणि एक गोष्ट कुणीच परत विचारली नाही. त्या साइट न उघडण्याचं काय झालं? तीन वेगवेगळ्या ब्राउझरना एकाच सकाळी एकच आजार होत नाही.

सांजवेळ, पुढच्या वेळी इशारा आला की कोपऱ्यातलं घड्याळ बघा. आणि रात्री तुम्ही भिंतीवरचं बटणही बंद करता का?

सांजवेळ
मिणमिणती!! आज सकाळी इशारा आला, घड्याळ बघितलं. १ जानेवारी २०१६! आणि हो, बाबा रोज रात्री भिंतीवरचं बटण आठवणीने बंद करतात. तुम्हाला कसं कळलं?

मिणमिणती
काखेत कळसा नि गावाला वळसा. मदरबोर्डवर नाण्यासारखी बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. वीज पूर्ण तुटली की घड्याळ तिच्यावर चालतं. नऊ-दहा वर्षांत ती संपते. संपली की प्रत्येक वीजबंदीनंतर घड्याळ आपल्या मूळ तारखेला जातं. आता प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमचा संगणक समजतो २०१६ चाललंय, म्हणून आजची सगळी प्रमाणपत्रं त्याला भविष्यातली, म्हणजे खोटी वाटतात. तासाभराने विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं आणि सगळं आपोआप ठीक.

वीज बंद करून, डबा उघडून, खाच दाबून बॅटरी बदला. छापील बाजू वर. बदलल्यावर बायॉसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधली, तारीख एकदा तपासा. इतर सेटिंगही मूळ पदावर गेलेली असू शकतात.

टिंबटिंब
मिणमिणती कसल्या, लखलखती म्हणा!

रिकामटेकडा
आणि मी फॉरमॅट सांगत होतो. बॅटरी नसती आली त्याने.

पाणकावळा
डबा उघडणारच असाल तर धूळही काढा. हवेच्या झोताने धूळ उडवायची असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बिघडू शकतो.

सांजवेळ
दहा दिवसांनी हजेरी लावतेय.

बॅटरी बदलली. घड्याळ शहाणं झालं, इशारे बंद. मिंटचा पेनड्राइव्ह करून फोटो बाहेर काढले. नवी ५०० जीबीची एसएसडी लावली आणि खूप खल करून तिच्यावर विंडोज १० च ठेवलं, वाढीव अपडेटची नोंदणी करून. बाबांच्या दोन हिशेबांत मॅक्रो निघाले आणि लिब्रेऑफिसमधे ते रुसले. पत्रांसाठी मात्र लिब्रेऑफिस टाकलंय. कळफलकदादा, रागावू नका, पुढच्या वर्षी मिंटचा विचार पक्का. आता डेस्कटॉप पंधरा-वीस सेकंदात येतो. बाबांना वाटतं संगणक बिघडलाय, इतक्या लवकर कसा येईल.

एक वाईट बातमी. ४१ फोटो उघडतात पण खालचा अर्धा भाग राखाडी. सगळे एकाच फोल्डरातले, आईचे.

कळफलक
मी कशाला रागावू.

जुनी डिस्क अजून आहे ना? तिला विंडोजला जोडू नका, जोडली असेल तर काढा. मिंट लाइव्हमधून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. तिथे पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असं आहे. साधी कॉपी खराब जागा आली की तिथेच अडून बसते. हे मात्र आधी सगळा वाचता येणारा भाग गोळा करतं, अडलेल्या जागा एका नकाशाच्या फाइलीत नोंदवतं आणि शेवटी फक्त त्याच जागांवर पुन्हापुन्हा प्रयत्न करतं. मधेच थांबवून दुसऱ्या दिवशी नकाशावरून पुढे चालू करता येतं. पूर्ण प्रतिमा मावेल एवढी, म्हणजे १ टीबीपेक्षा मोठी रिकामी डिस्क लागेल. कुठली डिस्क स्रोत आणि कुठली गंतव्य हे तीनदा तपासा, उलटं झालं तर संपलं. अडलात तर मला निरोप करा, टप्प्याटप्प्याने सांगतो.

खुडबुड्या
आणि दोन-तीन फेऱ्या झाल्या की थांबा. सतत पन्नास फेऱ्या मारून डिस्क तापवू नका. एक दिवस विसावा देऊन पुन्हा करा, कधीकधी थंड झाल्यावर एखादी जागा वाचली जाते.

सांजवेळ
चार रात्री चाललं. कळफलकदादांनी दोनदा माझी कमांड तपासून दिली, एकदा खरंच उलटी लिहिली होती.

४१ पैकी २९ पूर्ण आले. उरलेल्या बारांच्या कागदी प्रती कुणाकडे असतील का हे बाबा आता मावशीला विचारतायत. २९ फोटोंच्या तीन प्रती झाल्यात, त्यातली एक मावशीच्या घरी.

जुनी डिस्क बाबांनी टाकू दिली नाही. कपाटात आहे.

बाराखडी
मावशींकडे सापडले तर इथे नक्की कळवा.